माळवदावरची माती

आमच्या घरी उन्हाळा संपत आल्याचं कळायचं ते काशीआत्याच्या हाकेवरून. मृग तोंडावर आला की एका सकाळी आत्या लुगड्याचा काष्टा घट्ट खोचायची, डोक्याला फडकं बांधायची, शिडीनं माळवदावर चढायची आणि वरून साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशी ओरडायची, "माती आना गं, पोरींनो!" गावाच्या कडेला जुन्या गढीचा ढिगारा होता. तिथली पांढरी माती आम्ही पाट्यांनी वाहून आणायचो. ती चाळायची, भिजवायची, वर नेऊन पसरायची आणि मग आत्या लाकडी चोपणं घेऊन उकिडवी बसायची. धप्प, धप्प, धप्प. सकाळपासून दिवस कलेपर्यंत तो आवाज घरभर भरून राहायचा. खाली चुलीपाशी बसलेल्या आईच्या भाकरीत वरून बारीक माती पडायची आणि आई काही न बोलता भाकरी झटकून परत तव्यावर टाकायची. आत्याच्या कामाबद्दल बोलायची आमच्या घरात कुणाची टाप नव्हती.

माळवद म्हणजे काय, हे आता सांगावं लागतं. माझी नातवंडं स्लॅबखाली जन्मली. आमच्या घराला आतून लाकडी खांब होते, खांबांवर तुळया, तुळयांवर फांद्या आणि पाचोळा आणि त्यावर माती. भिंती हातभर रुंदीच्या, काळ्या दगडाच्या, चिखलात रचलेल्या. दरवर्षी पावसाआधी वर नवी माती पडायची, जुनी मात्र कुणी काढायचं नाही. काढायची कशाला? माळवद जाड असेल तितकं घर गार, गळत नाही आणि पाहुण्याच्या नजरेत भरतं. सोयरीक जमवायला आलेली माणसं अंगणात उभी राहून आधी माळवदाची जाडी बघायची. आमचं माळवद गल्लीत सगळ्यांत जाड होतं. आत्याच्या देखत एक थेंब कधी गळला नव्हता आणि हे सांगताना आत्याची मान अशी ताठ व्हायची की आप्पासुद्धा तिच्यापुढं जरा वाकूनच बोलायचे.

आप्पा म्हणजे माझे वडील आणि काशीआत्या त्यांची थोरली बहीण. लातूरच्या पलीकडं, तेरणेच्या काठच्या एका गावात तिला दिलं होतं. ऐन तारुण्यात कुंकू पुसलं गेलं आणि ती एक पत्र्याची पेटी घेऊन आमच्याकडं परत आली, ती कायमची. पण सासर तिनं तोडलं नाही. तिथं तिची धाकटी जाऊ होती, सुभद्राकाकू. दोघींचा असा जीव की पंचमीला आत्या माहेरी असूनही उलटी सासरी जायची. सासरचं घर पूर्वी गळायचं. गढीची पांढरी माती वापरायची, चाळून घ्यायची, न चुकता दरसाल वर टाकायची, ही रीत त्या घरात आत्यानंच नेली होती. परत आल्यावर ती मोठ्या तोऱ्यात सांगायची, "सुबीचं माळवद आता आपल्यासारखंच झालंय. तिला मीच शिकविलंय."

मी सांगतेय त्या काळात पाऊस लागोपाठ रुसलेला होता. आप्पांचं किराणा दुकान होतं. आम्ही नांदूरघाटच्या बाजारातून माल आणणारी साधी वाणी माणसं. पण शिवारात पीकच नाही म्हटल्यावर दुकानात येणार कोण? बरण्या रिकाम्या झाल्या, तागडीवर धूळ बसली. त्याच वर्षी आप्पांनी गल्लोगल्ली फिरून दुधाची सहकारी संस्था उभी केली. शेत करपलं तरी घरापुढं एक म्हैस तगवता येते, एवढाच त्यांचा हिशेब. चाऱ्यासाठी तालुक्याला खेटे घातले, शिव्या खाल्ल्या, पण संस्था चालू केली. संस्थेला जागा नव्हती म्हणून आमच्या घराची पुढची खोली, जिला आम्ही ढाळज म्हणायचो, ती दिली. सकाळ-संध्याकाळ तिथं रांग लागायची. कॅनची झाकणं खणखणायची, बायका पदराखाली चरव्या धरून यायच्या, मी कस बघायला दुधात काचेची काडी बुडवून आकडा सांगायची आणि आप्पा चेअरमन म्हणून कोपऱ्यातल्या खुर्चीत बसायचे. बाहेर ऊन भाजून काढत असायचं आणि ढाळज मात्र गार. "चेअरमनच्या माळवदाखाली दूध नासत न्हाई," असं लोक म्हणायचे. आप्पा खूश, आत्या त्याहून खूश.

त्या दुष्काळात आमच्या घरात जेवण म्हणजे भाकरी आणि येसर. भाजलेल्या धान्याचं आणि मसाल्याचं ते पीठ आई उन्हाळ्यातच करून ठेवायची. चिमूटभर टाकलं की पातेलंभर पाण्याची आमटी होते. एवढी झणझणीत, की आत भाजी नाही हे जिभेच्या लक्षातच येत नाही. आज मी बीडमध्ये मुलाच्या फ्लॅटवर राहते, सून हौशीनं येसर विकत आणते, पण त्यात तो जाळ नाही. कदाचित तेव्हा भूकच तेवढी होती.

गणपती बुडवले त्या रात्री नदीला पाणी नव्हतं. बारवेच्या तळाशी उरलेल्या पाण्यात मूर्ती टेकवून लोक घरी आले आणि उकाडा म्हणून आम्ही नेहमीप्रमाणे माळवदावरच झोपलो. पहाटेच्या आधी मला जाग आली. म्हैस भिंतीला अंग घासते तेव्हा भिंत जशी थरारते, तसं काहीतरी खालून वर आलं. घरात उतरंडीची मडकी किणकिणली, ढाळजेतले रिकामे कॅन एकमेकांवर आपटले. गावातली सगळी कुत्री एकदम ओरडली आणि एकदम गप्प झाली. आप्पा झोपेतच म्हणाले, "मोठा ट्रक गेला आसंल." आत्या मात्र उठून बसली. हात माळवदावर टेकवून ती कितीतरी वेळ तशीच होती. उजाडल्यावर पाहिलं तर ढाळजेच्या रस्त्याकडच्या भिंतीला वरपासून खालपर्यंत भेग गेली होती.

सकाळी रेडिओनं सांगितलं. लातूरकडं, तेरणेच्या काठाला भूकंप झाला होता. ती नावं ऐकून आत्या भिंतीला पाठ लावून खाली बसली. मला आठवतं, मी तेव्हा केजच्या कॉलेजात नुकतीच जायला लागले होते आणि शाळेच्या भूगोलात घोकलं होतं, की दख्खनचं पठार म्हणजे देशाचा सगळ्यांत स्थिर भाग. आत्याला धीर द्यायला मी तेच बोलले.

पुढं मी भूगोलाचीच शिक्षिका झाले आणि इतक्या वर्षांच्या नोकरीत हा धडा कितीदा शिकवला! फळ्यावर हिंदुस्थान काढायचा, खाली बाण काढायचा. आपण ज्यावर उभं आहोत तो सगळा पट्टा उत्तरेकडं सरकतो आहे, हिमालयाला रेटतो आहे, आणि त्या रेट्याचा ताण नुसत्या कडेला राहत नाही, मधेही साठतो आणि कधीतरी सुटतो. आपल्या घरांच्या भिंतीतला काळा दगड म्हणजे कोणे एके काळी वाहत आलेला लाव्हाच आहे, थरावर थर चढून गार झालेला. हे सांगितलं की पोरं आपापल्या घराच्या भिंती आठवून डोळे मोठे करायची. पण त्या सकाळी यातलं मला काहीच येत नव्हतं.

आप्पांनी त्या दिवशी जे केलं त्याचा मला आजही अभिमान वाटतो. संस्थेचं सगळं दूध शीतकेंद्राला न धाडता त्यांनी संस्थेच्या टेम्पोत भरून तेरणेकडं पाठवलं. कुणाला विचारलं नाही, विचारायला वेळही नव्हता. गल्लीतल्या झाडून सगळ्या चुली पेटल्या. दुष्काळातल्या कणग्या खरवडून बायकांनी भाकऱ्या थापल्या, चटण्या कुटल्या. ज्वारी कुणाची, पीठ कुणाचं, काही हिशेब राहिला नाही. टेम्पो निघताना आत्या कुणाला न सांगता ड्रायव्हरच्या शेजारी जाऊन बसली.

दोन-तीन दिवसांनी ती परत आली. पायांवर, केसांत, पापण्यांवर पांढरी धूळ. आईनं पाणी दिलं, तिनं पाय धुतले. "सुबी?" आईनं विचारलं. आत्यानं नाही म्हणून मान हलवली. मग ती उंबऱ्यापर्यंत आली, आत पाय टाकण्याआधी तिनं वर पाहिलं, तुळयांकडं, आणि तशीच मागं फिरली. आपली वाकळ मागवून घेतली आणि अंगणात म्हशीजवळ अंथरली. त्या दिवसापासून काशीआत्या कुठल्याच छताखाली झोपली नाही. थंडी पडली तरी नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या दुधाची रांग लागलेली असताना वरून आवाज यायला लागला. धप्प धप्प नव्हे. खच्च, खच्च. मग अंगणात मातीचं ढेकूळ पडलं, पाठोपाठ दुसरं. आम्ही धावत बाहेर आलो. आत्या माळवदावर टिकाव घेऊन उभी होती आणि माती खाली लोटत होती.

आता यात काय होतं ते बाहेरच्या माणसाला कळणार नाही. आमच्याकडं माळवद कोण उतरवतो? ज्याचं घर बसलं तो. तुळया विकायच्या, गाव सोडायचं, तेव्हा माती उतरते. उतरलेलं माळवद म्हणजे त्या घराचं दिवाळं. आणि हे साधं घर नव्हतं, चेअरमनचं होतं, खाली संस्था होती.

"आक्का, ह्ये काय चालविलंय तू?" आप्पा खालून ओरडले.

"माती उतरिते."

"कावून?"

"मान्सं झोपत्यात खाली म्हून."

"आगं, लोक म्हनतील संस्था बुडाली! चेअरमननं घर इकाया काढलं म्हनतील! महं नाक कापतीस का?"

आत्यानं एक पाटी भरली, कडेवरून खाली ओतली आणि मगच बोलली. "तुह्या नाकापायी लेकरं मारू का रं मी?"

आप्पांनी शिडी धरली, पण चढले नाहीत. चार माणसांत थोरल्या बहिणीच्या हातातला टिकाव हिसकायचा, हे त्यांच्यानं झालं नसतं. ते ढाळजेत जाऊन बसले आणि त्या दिवसापासून बहीण-भावाचं बोलणं बंद झालं. आप्पांच्या भीतीला कारणही होतं. गावात खाजगी डेरीचा एक फटफटीवाला फिरायचा, संस्थेच्या वाईटावर टपलेला. त्याला हे आयतंच मिळालं. "चेअरमन पळायच्या बेतात हाय," असं त्यानं पारावर पसरवलं. दगडूबा म्हणून आमचा सगळ्यांत जुना सभासद, ज्यानं संस्थेसाठी पहिली म्हैस घेतली होती, त्यानंच आधी चरवी उचलली. "चेअरमन, म्या गरीब मानूस. तुमचं घर चाललं, तर महं दूध कुनाच्या दारात मागू?" असं म्हणून तो गेला आणि त्याच्यामागं आणखी गेले. रांग आखूड होत चालली. आप्पा रिकाम्या कॅनकडं बघत बसायचे. दुष्काळानं दुकान नेलं होतं, आता संस्था गेली तर आमच्यापाशी काहीच उरलं नसतं. हे मलाही कळत होतं आणि आत्यालाही कळत होतं.

तरी ती थांबली नाही. मी कॉलेज बुडवून तिच्यासोबत वर जायला लागले. आप्पा माझ्याकडं रागानं बघायचे, पण मला अडवलं नाही. ते माळवद खणताना मी जे पाहिलं ते पुढं कुठल्याही पुस्तकात इतकं नीट सापडलं नाही. टिकावाचा घाव पडला की मातीची कड कापली जायची आणि त्यात थर दिसायचे, साल दर साल. आत्याला थर ओळखू यायचे. "ह्यो बघ, ह्यो मोठ्या दुष्काळातला. कुनाला काम नव्हतं, म्हून लई जाड झालाय." एका थरात माझी लहानपणी हरवलेली काचेची गोटी निघाली, एकात आईच्या लग्नातल्या बांगडीचा तुकडा. आत्या प्रत्येक थर हातात घेऊन चुरगळून बघायची. आपल्याच हातानं इतक्या मनापासून केलेलं काम आपल्याच हातानं मोडणं किती अवघड असतं, हे मला तेव्हा तिच्या चेहऱ्यावर दिसलं. मातीचा ढीग अंगणात माझ्या डोक्याच्याही वर गेला. एवढं सगळं आमच्या डोक्यावर होतं आणि आम्ही त्याखाली वर्षानुवर्षं गाढ झोपत होतो.

एका संध्याकाळी दूध घालायला मोजकीच माणसं उरली होती. दगडूबा दूध घालायला नव्हे, पण गंमत बघायला म्हणून उंबऱ्यावर टेकला होता. तो म्हणाला, "काशाबाई, दुःखानं मानसाचं डोस्कं फिरतं. पन घर कावून पाडावं?"

आत्या शिडीवरून उतरली. हातातली पाटी खाली ठेवली आणि सगळ्यांसमोर उभी राहिली. तेरणेकाठी काय पाहिलं त्यातलं अवाक्षर ती इतके दिवस बोलली नव्हती.

"दगडूबा, तुमी तिथं गेलता का?"

"न्हाई बा."

"मी गेलते. सांगते, ऐका. सुबीच्या घरचे लाकडाचे खांब उभे व्हते. तुळया बी उभ्या. लाकडाला काई झालं न्हाई. दगुड ढासळला आन् वरची माती खाली आली. सारी माती. सुबी तिच्यात व्हती. उकरताना मला माती वळखू आली. पांढरी, चाळलेली. ती माती म्या शिकविलेली व्हती." तिनं मातीचे हात पदराला पुसले. "भुई हाललीच की. ती हालनारच. तिला कोन आडविनार? पन भुईनं कुनाला मारलं न्हाई. आपनच डोक्यावर टाकून टाकून मारलं. आता म्या महं घर मोकळं करते. तुमाला दूध कुनाला घालायचं त्याला घाला."

एका म्हातारीनं पदर डोळ्याला लावला. दगडूबा उठून चालता झाला. मला वाटलं, हा आता कायमचाच गेला.

दुसऱ्या दिवशी उजाडताच दगडूबा खांद्यावर खोरं घेऊन आमच्या अंगणात हजर! मागं त्याची सून, हातात पाटी. आत्याकडं न बघता तो म्हणाला, "तुमचं उरकलं की महं घ्यायचं. सावड करू."

सावड म्हणजे एकमेकांच्या शेतावर पाळीपाळीनं राबायची आमची जुनी रीत. आज तुझं, उद्या माझं. खुरपणीची सावड, काढणीची सावड सगळ्यांना ठाऊक. माळवद उतरवण्याची सावड त्या दिवशी जन्माला आली. रानात पीक नव्हतं, त्यामुळं हात मोकळे होते. एका घराची पाळी आली की सारी गल्ली तिथं. बायका साखळी करून पाट्या खाली द्यायच्या, ज्याच्या घरी काम त्यानं दुपारी माडगं किंवा भाकरी-येसर द्यायचं. आत्या मुकादम. "ए पोरा, तुळईला टिकाव लागू दिऊ नगं!" असं ती ओरडली की दाढी-मिशावाले गडी दचकायचे. कुठल्या घरात काय सापडलं याच्या गमती रात्रभर चालायच्या. एकीच्या माळवदात सासूची हरवलेली नथ निघाली, जिच्यापायी तिनं सबंध संसारभर बोलणी खाल्ली होती. ती बाई नथ मुठीत धरून सासूच्या फोटोपुढं जाऊन उभी राहिली, काय बोलली ते देव जाणे.

आणि उघड्या घरांवर घालायला पत्रे हवे होते, ते संस्थेनं आणले. एकेकट्याला कुणी दारात उभं केलं नसतं, पण संस्थेच्या नावावर गाडी भरून पत्रे आले, आणि ज्यानं त्यानं आपल्या दुधावर ते फेडायचं ठरलं. फटफटीवाला पत्रे देऊ शकत नव्हता. गेलेल्या चरव्या एकेक करून परत आल्या. आप्पांनी त्या सगळ्यांना परत घेतलं, एकालाही टोमणा मारला नाही. आत्याशी मात्र त्यांचं बोलणं अजून बंदच होतं. काम करताना दोघं समोरासमोर आले की आप्पा माझ्यामार्फत बोलायचे, "रत्ने, तिला म्हनावं च्या घे." आत्या माझ्यामार्फत उत्तर द्यायची, "त्याला म्हनावं घेतला." मी मधे उभी राहून दोघांच्या तोंडाकडं बघायची.

पत्र्याखालचा उन्हाळा म्हणजे तव्यावर बसणं. लोक कुरकुरले. आत्यानं पत्र्यावर उसाचं पाचट पसरायला लावलं आणि वर म्हणाली, "घाम आला तर पुसता येतो."

पुढच्या साली पाऊस बरा झाला. ढाळजेची ती भेगाळलेली भिंत दगड-चिखलाचीच होती, ती पाणी पिऊन फुगली. आप्पा सुगी झाल्यावर तिला उतरवणार होते. एका संध्याकाळी, ऐन दुधाच्या वेळी, ढाळजेत माणसांची दाटी असताना, पुन्हा ते आलं. जमिनीखालून गुरगुर, थरथर. तसे बारके धक्के वर्षभर येत होते, त्यापेक्षा काही फार मोठा नव्हता. पण भिजलेल्या भिंतीला तेवढा पुरला. मी काचेची काडी हातात धरून बसले होते. माझ्या डोळ्यांदेखत भिंत पोट काढून बाहेर झुकली आणि रस्त्यावर कोसळली. धुळीचा लोट उठला. भिंतीत टेकलेलं तुळईचं टोक उघडं पडलं आणि तुळई हवेत लोंबकळली. ती खाली आली नाही. तिच्यावर पत्रा आणि पाचट, एवढंच वजन होतं. बाकीच्या खांबांनी ते सहज पेललं.

धूळ बसली तेव्हा आम्ही सगळे जागच्या जागी होतो. लेकरं, बायका, दगडूबा, आप्पा. कुणाच्या अंगावर खडा पडला नव्हता. दोन कॅन लवंडून दुधाचा ओघळ रस्त्यापर्यंत गेला होता. आत्या अंगणातून धावत आली, तिनं एकेकाला हात लावून पाहिलं, मला दोनदा पाहिलं आणि मग कंबरेवर हात ठेवून कडाडली, "कॅनला हात लावता येत न्हाई का बे कुनाला? येवढं दूध सांडविलं!"

आप्पा खुर्चीतून उठले. चेअरमन माणूस, टोपी धुळीनं पांढरी झालेली. सगळ्या सभासदांसमोर ते चालत बहिणीपाशी गेले आणि वाकून तिच्या पायांवर डोकं ठेवलं. "आक्का," एवढंच म्हणाले. मला त्या वेळी माझ्या बापाचा जास्त अभिमान वाटला की आत्याचा, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. आत्यानं त्यांना खांद्याला धरून उठवलं आणि त्यांची टोपी झटकून नीट बसवली.

संस्थेला नवी जागा बांधायची ठरली. रस्त्याकडेला, खांबांवर पत्र्याची मोकळी शेड. पण जागा खोलगट होती, पाणी साचायचं, भर घालायला हवी होती. माती कुठून आणायची, असं सभेत निघालं तेव्हा दगडूबानं नुसतं बोट दाखवलं. प्रत्येकाच्या अंगणात उतरलेल्या माळवदाचा ढीग पडूनच होता. बैलगाड्या जुंपल्या गेल्या. साऱ्या गल्लीच्या डोक्यावरची माती त्या खड्ड्यात येऊन पडली. आमच्या घरचीही पडली, मोठ्या दुष्काळातल्या जाड थरासकट.

ती चोपायला आत्या आली. तेच जुनं चोपणं, तीच उकिडवी बैठक. धप्प, धप्प. वर्षभर तो आवाज गावात नव्हता. बायका हातभार लावायला पुढं झाल्या, पण तिनं कुणाला हात लावू दिला नाही. संध्याकाळ होत आली तेव्हा शेवटचा कोपरा झाला. तिनं तळहात त्या जमिनीवरून फिरवला, टेकवला, जरा वेळ तसाच ठेवला, जसा त्या पहाटे माळवदावर ठेवला होता. मग चोपणं उशाला घेतलं, पदर तोंडावर ओढला आणि तिथंच आडवी झाली.

दुधाची वेळ झाली. पहिल्यांदाच नव्या जागेत रांग लागली. कॅन आले, चरव्या आल्या, गडी नेहमीसारखे मोठमोठ्यानं बोलत आले. आप्पा पुढं झाले, ओठावर बोट ठेवलं आणि शेडच्या पत्र्याखाली अंग मोकळं सोडून झोपलेल्या आत्याकडं दाखवत म्हणाले, "हळू बोला बे. आक्का झोपली हाय."